स्टॅम्प पेपरवरची शर्यत

राइस मिलमध्ये माझं काम संशय घेण्याचं आहे, आणि पगार मला त्याचाच मिळतो. धानाचं पोतं उतरलं की मी त्यात परखी खुपसतो. परखी म्हणजे हातभर लांबीची, टोकदार, पोकळ लोखंडी सळई; ती खुपसली की पोत्याच्या पोटातलं धान तिच्या खोबणीतून घरंगळत तळहातावर येतं. वर वाळलेलं धान आणि आत ओलं, असली पोती मी पंचवीस वर्षं पाहतो आहे. हा सरावच असा आहे की तो मिलच्या फाटकापाशी थांबत नाही. मिठाईवाल्याच्या काट्याखाली मी वाकून बघतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं पाकीट उलटसुलट करतो. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मी त्याच्या खालून मुलीच्या पायाची बोटं पाहून घेतली होती, दाखवली तीच आहे ना म्हणून. बायकोने ते पाहिलं होतं. तिने अजून माफ केलेलं नाही.

असा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी मोटारींच्या शर्यतीत उतरायचं म्हणतो, हे दुसऱ्या कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याच्यात परखी खुपसली असती.

झालं असं की, मिलचं ओलावा मोजायचं यंत्र बिघडलं आणि ते घेऊन मला नागपूरला जावं लागलं. दुरुस्तीवाल्याने दोन तास बसा म्हणून सांगितलं. त्याच्या भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं होतं. एका मोटार क्लबने नवशिक्यांसाठी गट काढला होता. गाडी आपली रोजचीच चालणार होती, वयाची अट नव्हती. एका वेळी एकच गाडी सोडायची, तिने ठरल्या वाटेने वळणं घेत यायचं आणि वेळ घड्याळात मोजायची. मी ते पत्रक तीनदा वाचलं. पहिल्यांदा वेळ जावा म्हणून, दुसऱ्यांदा यात फसवणूक कुठे आहे ते शोधायला. तिसऱ्यांदा का वाचलं ते मला माहीत नाही.

माझी गाडी चालवण्याची ख्याती इथे सांगायला हवी. आमच्या पोवारांच्या सगळ्या नातलगांत कुठेही बाळंतपण असलं, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं, की गाडी माझी आणि चालवणाराही मीच. कारण मी चाळिसाच्या वर जात नाही. आम्ही राहतो त्या कुडव्याहून गोंदियात यायला मला जितका वेळ लागतो तितक्यात स्कूटीवरच्या बाया भाजी घेऊन परत निघालेल्या असतात. मागे एकदा एका म्हाताऱ्या मावशीने वाटेत मला विचारलं होतं, गाडी सुरू आहे ना रे बाबा?

तर पुढच्या रविवारी मी क्लबच्या मैदानावर गेलो. घरी सांगितलं, यंत्र आणायला जातो. यंत्र डिक्कीतच होतं. मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार, आणि त्यावर रस्त्याच्या कामाला मांडतात तशा केशरी प्लास्टिकच्या टोप्या मांडलेल्या. क्लबच्या सेक्रेटरी एक निवृत्त बँक अधिकारी बाई निघाल्या, आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी. मी त्यांना आधी बाजूला घेतलं. आमच्या गोंदियात साखळी योजनांनी पुष्कळ जण पोळले आहेत, तेव्हा मी सरळच विचारलं की सभासद झाल्यावर मला आणखी किती माणसं आणून द्यावी लागतील.

बाई म्हणाल्या, "एकही नको. आहेत त्यातलेच दोन कमी करायच्या विचारात आहोत आम्ही."

उत्तर मला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्याचाही संशय आला. पण त्यांनी एक चक्कर मारून बघा म्हटलं आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवलं. शिट्टी वाजली. पुढची दीड-दोन मिनिटं मी काय केलं ते मला नंतर त्यांच्या माणसाने काढलेल्या व्हिडिओवरून कळलं. प्रत्येक टोपीला मी इंडिकेटर दिला होता. डावीकडे वळताना डावा, उजवीकडे उजवा. एका आडव्या वळणावर मी हॉर्नही वाजवला होता. आडवं येणारं तिथे कोणी नव्हतं. शेवटच्या रेषेवर मी गाडी आधी बाजूला घेतली, मागे बघितलं आणि मग थांबलो. घड्याळ धरलेल्या माणसाने आकडा दोनदा तपासला.

पण त्या दोन मिनिटांत मी कोणाचाही संशय घेतला नव्हता. टोपी दिसत होती, ती टोपीच होती. वळण दिसत होतं तेवढंच होतं, त्याच्या आत ओलं काही भरलेलं नव्हतं. परत येताना भंडाऱ्याच्या पुढे मला हे लक्षात आलं, आणि मी एका ट्रकला ओव्हरटेक केलं.

बाईंनी अटींचा कागद दिला होता. डॉक्टरचा दाखला, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, हेल्मेटच्या आत घालायची डोळ्यांपुरती उघडी कापडी टोपी, आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. त्यावर घरातल्या दोन सज्ञान माणसांच्या सह्या. टोपी मी आणली आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवली. स्टॅम्प पेपर घ्यायला तहसीलला गेलो, तिथे घोळ झाला.

स्टॅम्प विकणारा वहीत नाव लिहितो आणि कारणही लिहितो. माझ्या मागे रांगेत आमच्याच गावचे दोघे फायली घेऊन उभे होते. विक्रेत्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "कशासाठी?" शर्यतीसाठी, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि मागच्या दोघांचं खोकणं ऐकून परत गेला. मी हळूच म्हणालो, "घरगुती आहे." त्याने मोठ्याने म्हणत लिहिलं, "कौटुंबिक."

आता बाहेरच्या वाचकाला यात काही वाटणार नाही. पण आमची शेती चोरखमारा तलावाच्या पाण्यावरची, वडील गेल्यापासून दोघा भावांच्या नावावर, आणि अजून एकत्र. मोठा भाऊ गावात राहून ती करतो, मी नोकरीवर, दरवर्षी माझ्या घरी तांदूळ येतो, आणि आजवर या गोष्टीवर आम्ही दोघांनी एक शब्द काढलेला नाही. अशा घरातल्या धाकट्याने स्टॅम्प पेपर घ्यायचा आणि कारण कौटुंबिक सांगायचं, म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजतं. न समजलेला तहसीलच्या आवारात मी एकटाच होतो.

मी कुडव्याला पोचायच्या आधी बातमी गावी पोचली असावी. संध्याकाळी भावाचा फोन आला. एरवी तो फोनवर असा बोलतो की फोनची गरज नसावी. त्या दिवशी त्याने हळू आवाजात विचारलं, बरा आहेस ना? मी बरा आहे म्हटलं. तोही बरा म्हणाला. मग फोन ठेवला गेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आलीच, पण भलतीच आली. मला वाटलं, त्याची तब्येत बिघडली आहे आणि तो लपवतो आहे.

तिसऱ्या दिवशी भाऊ आणि वहिनी घरी आले. बरोबर चिनोर जातीचा सुवासिक तांदूळ, दरवर्षी येतो त्याच्या दुप्पट. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला, जणू घर परक्याचं आहे. वहिनी बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि तिला विचारू लागल्या, आमच्याकडून काही कमी-जास्त झालं का? बायकोला काहीच माहीत नव्हतं. तिने नाही म्हटलं. वहिनींना ते नाही इतकं थंड वाटलं की त्या डोळे पुसतच बाहेर आल्या.

ते गेल्यावर बायको तांदूळ कोठीत ओतायला गेली. परत आली ती कापडी टोपी दोन बोटांत धरून.

"हे काय आहे?"

मी म्हणालो, थंडीची आहे.

तिने ती स्वतःच्या डोक्यात घातली. नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे माझ्याकडे बघत होते. "रविवारी नागपूर, नव्या पूर्ण बाह्यांच्या शर्टा, आता हे," ती आतून म्हणाली. "अजी, दरोडा घालाचं वय निघून गेलं तुमचं. दुसरं काही असन तं तेही निघून गेलं. मंग काय आहे ते सांगा."

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, स्टॅम्प पेपरचंही. ती ऐकत गेली आणि टोपीतच राहिली, त्यामुळे तिला काय वाटतं आहे ते मला समजेना. शेवटी तिने टोपी काढली आणि म्हणाली की मी यावर सही करीन, पण आधी मोठ्या भाऊजींना जाऊन सांगा, त्यांना काय वाटलं असेल ते तुमच्या ध्यानात तरी आलं का? ध्यानात तेव्हा आलं.

मी दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गावचाच एक शेतकरी धान घेऊन आला. परखी पोत्यात असतानाच त्याने सहज सांगितलं की तुमच्या भावाने तलाठ्याकडून नवा सातबारा काढला, आणि काल बांधीत टेप घेऊन माणूस फिरत होता. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा एकेक बांध घातलेला तुकडा. माझा हात पोत्यातच थांबला. म्हणजे वाटणी करायची तयारी याचीच चालली आहे तर! तांदूळ दुप्पट का आला, ते मला आता समजलं. जाता जाता तोंड गोड करत होता.

पुढचे चार दिवस मी गेलो नाही. मनात हिशेब उकरत बसलो. वडिलांची सायकल कोणी वापरली, मामाच्या लग्नात नवा शर्ट कोणाला आला, मला शिकायला धाडलं ते माझ्या भल्यासाठी की शेतातून हलवायला. बायको म्हणाली, गैरसमज तुम्ही केला आणि रागही तुम्हीच धरून बसलात. ते खरं होतं, म्हणून मी अजून एक दिवस धरला.

पाचव्या दिवशी अर्ज द्यायची मुदत संपायला आठवडाच राहिला, आणि मी गाडी काढली. धान कापून झालेलं होतं. भाऊ खळ्यावर एकटाच होता, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून उभा. मला बघून त्याने हातातलं दावं खाली ठेवलं. बस म्हणाला नाही. मग तोच बोलला.

"कोनती बांधी पाहिजे तुले? तोंडानं सांगतला असतास. कागद कायले?"

मी काही बोलायच्या आत त्याने हात करून दाखवलं. "नहराजवळची तू घे. पानी पहिले तिथंच येते. तुले करता येनार नाही, मी करून देईन. वरची मी ठेवतो. मोजून ठेवली आहे."

टेप कशाला फिरत होती ते मला तेव्हा समजलं. तो कालव्याकाठची चांगली जमीन माझ्यासाठी मोजत होता. आणि मी चार दिवस सायकलीचा हिशेब करत होतो.

"भाऊ, वाटनीचा कागद नाही तो."

"मंग काहाचा?"

"मले गाडीच्या शर्यतीत उतराचं आहे."

भावाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. परखी आमच्या घराण्यातच असावी, त्याच्याकडे नुसती डोळ्यांची होती.

"एवढा शिकलास," तो म्हणाला, "तं खोटं तरी नीट बोल."

मी शपथ घेतली. शपथेने त्याचा संशय वाढला. मी पत्रक दाखवलं. पत्रक कोणीही छापतं, असं तो म्हणाला. बायकोने शिकवून पाठवलं असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं असणार, कारण त्याने गाडीत आणखी कोणी बसलं आहे का ते पाहिलं. शेवटी माझ्याजवळ एकच पुरावा उरला आणि तो दाखवायची मला मुळीच इच्छा नव्हती. मी फोनवर व्हिडिओ लावला.

भावाने फोन हातात घेतला, उन्हाला पाठ करून उभा राहिला आणि पूर्ण पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"हा इंडिकेटर कायले देऊन राहिला तू?"

"सवय."

"मागं तं कोनीच नाही."

"नाही."

"अन् हॉर्न?"

त्याने तिसऱ्यांदा लावला आणि हॉर्नपाशी आल्यावर त्याचे खांदे हलायला लागले. तो तणसावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग फोन परत देत म्हणाला, "खरं आहे. असं खोटं कोनी करून दाखवत नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज चांदीचा नाही तरी प्लास्टिकचा एखादा कप घेऊन बसलो असतो. पण त्याच्या हसण्याने मला धीर आला, आणि मी खिशातून हमीपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. एक सही बायको करणार आहे, दुसरी तू कर. भाऊ दहावीपर्यंत शिकला आहे आणि कागद वाचताना ओळीवरून बोट फिरवतो. माझं नाव, वय, गाडीचा नंबर, असं करत बोट खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं. त्या ओळीत लिहिलं होतं की सहभागी व्यक्तीस इजा झाल्यास अथवा मृत्यू आल्यास आम्ही कुटुंबीय क्लबविरुद्ध कोणतीही तक्रार करणार नाही.

त्याने बोट उचललं नाही.

"म्हंजे तू मेला तं मी चूप राहाचं."

मी त्याला समजावलं. एका वेळी एकच गाडी सुटते, समोरून कोणी येत नाही, मी तर मागच्या वेळी मोटारीपेक्षा बैलगाडीच्या वेगाने गेलो. हे सगळीकडे लिहून घेतात, नुसती पद्धत आहे.

"होनारच नाही तं लिहिलं कायले?"

पंचवीस वर्षं मी लोकांना हेच विचारत आलो आहे. वाळलेलं आहे म्हणता, मग पोत्याच्या तोंडाशी हात का ठेवता?

भावाने कागदाची घडी घातली. "नहराजवळच्या बांधीच्या कागदावर आत्ता करून देतो सही. पेन दे. ह्यावर नाही करत." आणि घडी माझ्या हातात न देता त्याने स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या आठवड्यात मी सेक्रेटरी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सही कोणाही सज्ञान नातेवाइकाची चालेल, नवा कागद करून घ्या. वहिनींनी डोळे मिटून केली असती. कुडव्यात माझा एक साडू राहतो, तो चहाच्या कपासाठी काहीही सही करतो. मुदतीला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी दोनदा शर्ट घालून साडूकडे निघालो आणि दोनदा कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन परत आलो. भावाने नाही म्हटलेल्या कागदाची दुसरी प्रत काढून तिच्यावर दुसऱ्याची सही घ्यायची, हे माझ्याने झालं नाही. तहसीलच्या रांगेत जे मी भिऊन लपवलं होतं, तेच आता समजून उमजून लपवायचं होतं. शेवटच्या दिवशी मी बाईंना कळवलं की यंदा नाही. त्या म्हणाल्या, हरकत नाही, इंडिकेटरवाले म्हणून सगळे तुमची आठवण काढतात.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "सुटल्यासारखं वाटलं ना तुम्हाले?" तिने वर न बघता विचारलं. मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. तिचा संशय अर्धा तरी खरा आहे, हे मी इथे कबूल करतो. उरलेल्या अर्ध्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

शर्यतीचा रविवार आला. सकाळी सात वाजता मी दात घासत खिडकीशी उभा होतो. फाटकाशी मोटारसायकल थांबली. भाऊ उतरला. त्याने हाक मारली नाही. इकडे तिकडे बघून तो माझ्या गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. गाडी रात्रभर उभी होती, बॉनेट थंडगार असणार. तरी त्याने हात पुष्कळ वेळ तसाच ठेवला. मग वाकून चाकांना नवी माती लागली आहे का ते पाहिलं. मी खिडकीतून मागे सरलो, तोंड धुतलं आणि तो बेल वाजवेपर्यंत थांबलो.

"सहज आलो," तो म्हणाला.

आम्ही चहा घेतला. यंदाच्या धानाचं बोललो, वहिनींच्या गुडघ्याचं बोललो. त्याने दोनदा घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्यांदा बघून म्हणाला, "आता तिकडे पळून राहिले असतील."

मी हो म्हटलं.

"तुझा कितवा नंबर आला असता?"

"शेवटचा."

भाऊ कप खाली ठेवून माझ्याकडे निरखून बघत राहिला. "नाही बा," तो म्हणाला, "शेवटून दुसरा तं आलाच असतास."